दीड मूठ अगस्ती

मीनाक्षी : ...आणि येरझाऱ्या घातल्या की फोन लवकर येतो, असं कुठे लिहिलंय? गॅलरी ते मोरी, मोरी ते गॅलरी. ऑपरेशन डोळ्याचं झालंय, पायांचं नाही, कबूल. पण मला चक्कर यायला लागलीय. बसा बघू एका जागी.

तात्या : सातला करते म्हणाली होती. साडेसात होऊन गेले. पर्थला दहा वाजले असतील.

मीनाक्षी : वाजू देत. लग्न झालेली मुलगी आहे, नवरा आहे, घर आहे. रविवारचे गेले असतील दोघं कुठे जेवायला. हे धरा जरा. पिशवीचं तोंड घट्ट दाबून धरा, मी मेणबत्तीवर चिकटवते.

तात्या : मेतकूट?

मीनाक्षी : भाजणी. मेतकूट मघाशीच झालं. जुईकडे जायला अवकाश आहे, अवकाश आहे म्हणता म्हणता एप्रिल दारात येऊन उभा राहील. पलीकडच्या जोशीबाई सांगत होत्या, तिकडे ऑस्ट्रेलियात विमानतळावर कुत्रा येऊन पिशव्या हुंगतो म्हणे. भाजणी सापडली की विचारतात, हे काय. मी काय सांगू त्यांना?

तात्या : सांग, नक्षत्रांचा नैवेद्य आहे.

मीनाक्षी : तुमच्याशी बोलायची सोय नाही. दाबा नीट, वाफ शिरेल आत.

तात्या : मीनाक्षी, मला गेल्या रविवारपासून काहीतरी खटकतंय.

मीनाक्षी : डोळ्यात? ड्रॉप्स घातले होतेत ना दुपारी?

तात्या : डोळ्यात नाही गं, जुईच्या बोलण्यात. मी विचारलं, आकाशात त्रिशंकू निघाला का. तर म्हणाली, आग्नेयेला आहे, तीस अंशांवर.

मीनाक्षी : मग? चुकीचं होतं?

तात्या : बरोबर होतं, तोच तर त्रास आहे. या घरात आकाश अंशांत कोणी मोजलंय? फ्रॉक घालायची तेव्हापासून मुठी मोजते ती. हात लांब करायचा, मूठ मिटायची, क्षितिजावर टेकवायची, तिच्यावर दुसरी रचायची. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. वांगणीच्या माळावर मी एवढी माणसं घेऊन जायचो आकाश दाखवायला, आणि सगळ्यांच्या आधी हिचा आवाज. तात्या, साडेतीन मुठी. ती आता तीस अंश म्हणते. धड्यातलं वाचून दाखवावं तसं.

मीनाक्षी : असेल बघितलं मोबाइलवर. त्यात आता सगळं असतं. थंडीत बाहेर जायचा कंटाळा आला असेल.

तात्या : फेब्रुवारीत तिकडे उन्हाळा असतो.

मीनाक्षी : असू दे. सगळं उलटंच तिकडचं. आणि तुम्ही तरी पोरीला काय विचारता हो दर वेळी? पहिलं वाक्य, अगस्तीचा तारा किती मुठी. दुसरं, त्रिशंकू निघाला का. ती काय जेवली, शंतनु बरा आहे का, हे मी मध्ये घुसून विचारायचं.

तात्या : तुला नाही कळायचं ते. शिपिंग कंपनीत उभा जन्म गेला माझा. पर्थचं बंदर फ्रीमॅन्टल. कागदांवर फ्रीमॅन्टल, फ्रीमॅन्टल टाइप करून माझी बोटं झिजली. बोटी गेल्या, माल गेला, मी दादर सोडून कुठे गेलो नाही. त्रिशंकू आख्ख्या आयुष्यात एकदा बघितलाय, हर्णैच्या किनाऱ्यावर, मे महिन्यात. तोही खाली क्षितिजाला टेकलेला, धुरकट, हा दिसला म्हणेपर्यंत गेला. पर्थला तो डोक्यावर येऊन उभा राहतो. इथे तर आता गॅलरीतून दक्षिणच गेली. समोर टॉवर आला. मग डोळा मी कशासाठी करून घेतला?

मीनाक्षी : पेपर वाचता यावा म्हणून, असं डॉक्टरांना सांगितलं होतंत.

तात्या : डॉक्टरांना माणूस काहीही सांगतो.

मीनाक्षी : वाजतोय बघा. खिशात वाजतोय तुमच्या.

तात्या : हं, जुई. बोल. स्पीकरवर टाकतो, आईचे हात पिठाचे आहेत.

जुई : सॉरी तात्या, लेट झाला. आई, ऐकू येतंय ना?

मीनाक्षी : ऐकू येतंय, दिसत काही नाही. आजही व्हिडिओ नाही का?

जुई : अगं, कॅमेरा गंडलाय फोनचा. दुकानात न्यायचाय, टाइमच नाही मिळत. तुमचं काय चाललंय?

मीनाक्षी : तुझी भाजणी भरतेय. जेवलीस?

जुई : हो. म्हणजे, आता जेवेन.

मीनाक्षी : दहा वाजता? आणि शंतनु?

जुई : तो साइटवर आहे, खाणीच्या. पुढच्या वीकेंडला येईल.

मीनाक्षी : गेल्या रविवारी पण साइटवरच होता.

जुई : कामच तसं आहे ना, आई.

मीनाक्षी : आवाज का बसलाय तुझा?

जुई : एसीनं गं. बाकी काही नाही.

तात्या : झालं तुमचं? आता माझी पाळी. जुई, अगस्ती कुठे आहे?

जुई : एक सेकंद हं. अगस्ती... दक्षिणेला. उंची सदुसष्ट अंश.

तात्या : अंश नकोत मला. बाहेर जा आणि मुठी मोज.

जुई : ढग आहेत, तात्या.

तात्या : ढगांतून सदुसष्ट कसे मोजलेस?

जुई : तसे विरळ आहेत. तात्या, आज राहू दे ना. मला ना, एक बोलायचं होतं तुमच्याशी.

तात्या : बोलू गं, बोलू. पळून का जातोय मी? आधी अगस्ती. तू तिथून सांगितलंस म्हणजे माझी एप्रिलची उजळणी होते. नवा डोळा आहे, त्याला सवय नको?

जुई : बरं. जाते. थांबा, जिना आहे.

मीनाक्षी : जिना कसला? तुमचं घर बैठं आहे ना?

जुई : मैत्रिणीकडे आलेय, आई. तिच्या बिल्डिंगला गच्ची आहे.

तात्या : तिला दम खाऊ दे, मीनाक्षी. पोचलीस?

जुई : पोचले.

तात्या : काय दिसतं?

जुई : व्याध. मस्त चकाकतोय. हरीण आहे त्याच्या वरच्या अंगाला. आणि खाली अगस्ती.

तात्या : खाली?

जुई : हं.

तात्या : मोज बघू. हात पूर्ण लांब कर. कोपर वाकवू नकोस.

जुई : नाही वाकवलं. एक... आणि वर अर्धी. दीड मूठ, तात्या.

तात्या : किती?

जुई : दीड.

तात्या : कुठून धरलीस? कठड्यापासून धरली असशील.

जुई : नाही, क्षितिजापासून. दोन टाक्यांच्या मधून दिसतंय. तुम्ही शिकवलंत तशीच धरली. दीड मूठ आहे.

मीनाक्षी : काय झालं, अहो?

तात्या : काही नाही. जुई, थांब हं जरा. गॅसवर दूध आहे, आईला दिसत नाहीये. फोन ठेवू नकोस.

जुई : नाही ठेवत.

(तात्या फोनचा आवाज बंद करून तो टेबलावर पालथा ठेवतात.)

मीनाक्षी : कुठलं दूध? संध्याकाळचं कधीच तापवून झालंय.

तात्या : ती पर्थला नाही.

मीनाक्षी : म्हणजे?

तात्या : पर्थला आत्ता अगस्ती जवळजवळ डोक्यावर हवा. सात मुठी. आधी वाचून दाखवलंन ते सदुसष्ट बरोबर होतं. दक्षिणेला जावं तसा तो वर चढतो. दीड मूठ अगस्ती कुठून दिसतो, माहितीय? इथून. मुंबईत जन्मभर बघत बसलीस तरी दोन मुठींच्या वर जायचा नाही.

मीनाक्षी : चुकली असेल मोजताना.

तात्या : जुई? साताचे दीड?

मीनाक्षी : इथून म्हणजे कुठून हो? आपल्या मुंबईतून? काहीतरी बोलू नका.

तात्या : मुंबई असेल, पुणं असेल. मूठ काही गावाचं नाव सांगत नाही. पण ऑस्ट्रेलिया नाही.

मीनाक्षी : मग शंतनु? ती साइट? कधी आली ही? राहते कुठे, खाते काय? द्या तो फोन इकडे, मी सरळ विचारते.

तात्या : थांब.

मीनाक्षी : आता कशाला थांब?

तात्या : मला राग आलाय. तो आधी उतरू दे, नाहीतर तिच्यावर ओरडेन.

मीनाक्षी : आधी खाली बसा. पुन्हा फेऱ्या सुरू करू नका.

तात्या : बसवत नाही. शंतनुबद्दल खोटं बोलली असती तर मी समजलो असतो. नवराबायकोचं असतं काहीतरी, पोरं लपवतात. पण आकाश? दर रविवारी मी या खुर्चीत डोळे मिटून बसायचो. ती सांगेल तो एकेक तारा मनात लावायचो. आणि ती इथेच कुठेतरी बसून मोबाइलवरचं वाचत होती. एवढा परका झालो मी तिला?

मीनाक्षी : परके झालात की नाही, मला माहीत नाही. पण मघाशी ती काय म्हणाली, ऐकलंत? एक बोलायचंय म्हणाली. तुम्ही म्हणालात, आधी अगस्ती.

तात्या : ते मी...

मीनाक्षी : गेल्या रविवारीही तेच. 'तात्या, एप्रिलचं जरा', एवढं तिच्या तोंडून निघालं आणि तुम्ही सुरू झालात. एप्रिलात त्रिशंकू उभा असेल, ते कुणाचे ते ढग दिसतील...

तात्या : मॅगेलनचे. ते ढग नव्हेत, दीर्घिका आहेत.

मीनाक्षी : असतील. तिचा कॅमेरा बंद, तरी आपला लावून फोनसमोर बॅग धरून दाखवलीत. दुर्बीण दाखवलीत, तिचं कव्हर सुद्धा दाखवलंत. लहान पोराच्या वर आनंद तुम्हाला. तिनं कुठल्या तोंडानं सांगायचं, तात्या, माझं तिथे काही राहिलं नाही, तुम्ही येऊ नका?

तात्या : म्हणजे माझ्यामुळे.

मीनाक्षी : दोघांमुळे. मी काय कमी पिशव्या भरल्या?

तात्या : पण एप्रिल उजाडल्यावर काय करणार होती? विमानातून उतरल्यावर आम्हाला दिसलंच असतं ना.

मीनाक्षी : परत गेली असती. तुम्हाला तारे दाखवायला तिथे जाऊन उभी राहिली असती, घरात काही का असेना. तुमच्यावर गेलीय ती.

तात्या : आवाज कुठून चालू होतो याचा?

मीनाक्षी : इथून. आणि हळू घ्या. मी मघाशी सरळ विचारते म्हणाले, ते सोडा.

तात्या : जुई, आहेस?

जुई : आहे. दूध गेलं का उतू?

तात्या : दूध नव्हतं. खोटं सांगितलं मी.

जुई : हं.

तात्या : अगस्ती दीड मूठ.

जुई : हो, तात्या.

तात्या : बोलून गेल्यावर लक्षात आलं असेल तुझ्या.

जुई : आधीच आलं होतं. जिना चढतानाच ठरवलेलं, सात सांगायचं. पाठ करत चढले, सात, सात. मग हात लांब केला आणि तुम्ही म्हणालात, कोपर वाकवू नकोस. त्याच्यानंतर नाही जमलं.

मीनाक्षी : कुठे आहेस तू?

जुई : भोईवाड्यात. मनवाकडे.

मीनाक्षी : कोण मनवा?

जुई : कॉलेजातली गं. मोठ्यानं हसायची, तू तिला भोंगा म्हणायचीस.

मीनाक्षी : भोईवाड्यात? अगं, हिंदमाता ओलांडली की आलं भोईवाडा. मी चालत भाजीला जाते तिथपर्यंत. आणि तू मला सांगतेस एसीनं आवाज बसला?

जुई : महिना होत आला, आई. चिडू नकोस ना. आमचं भांडण नाही झालं. झालं असतं तर बरं, काहीतरी बोलणं तरी झालं असतं. शंतनु दिवाळीपासून दुसरीकडे राहतो. त्याला नकोय हे लग्न, एवढंच म्हणाला, नीट म्हणाला, आवाजसुद्धा चढवला नाही. मी तिथे घर धरून बसले होते.

मीनाक्षी : एकटी?

जुई : हो. संध्याकाळी ऑफिसातून यायचं, दिवे लावायचे नाहीत, मागच्या अंगणात बसायचं. म्हटलं, एप्रिलपर्यंत काढू. मग नाही राहवलं, आले निघून. शंतनुशी बोलून ठेवलंय. एप्रिलात चार आठवडे तो घरी येऊन राहील, तुमच्यासमोर सगळं नीट आहे असं दाखवू. तात्यांना त्रिशंकू दाखवू, आणि मग बघू.

मीनाक्षी : ऐकलंत? काय म्हणत होते मी?

तात्या : ऐकलं. जुई, तू घरी का नाही आलीस?

जुई : आलेले. दोनदा. पहिल्यांदा गेटवर नवीन वॉचमन होता. कोणाकडे जायचंय, म्हणाला. मला 'माझ्या घरी' म्हणताच येईना. कायतरी चुकीचं नाव सांगितलं आणि वळले.

मीनाक्षी : आणि दुसऱ्यांदा?

जुई : दुसऱ्यांदा तात्या गॅलरीत होते. तो काळा चष्मा लावून, टॉवरकडे हात लांब करून मुठी मोजत होते. एकावर एक. समोर भिंत, आणि हे मोजतायत. मी खाली उभी राहून बघितलं आणि परत गेले.

तात्या : सराव करत होतो मी.

जुई : कळलं होतं मला.

तात्या : हाक मारायची होतीस.

जुई : हाक मारून काय सांगू? तात्या, तुमची दक्षिण गेली, मी घालवली?

तात्या : दक्षिण त्या टॉवरवाल्यानं घालवली, ती तू कशाला आपल्या अंगावर घेतेस? नीट ऐक. मी रागावलोय. इतके रविवार तू मला वाचून दाखवलंस, त्याचा राग आहे आणि तो लगेच जायचा नाही. पण तू त्या घरात माझ्यासाठी परत जायचं नाही. त्या मुलाला नाटक करायला बोलवायचं नाही. त्रिशंकू बघितला नाही तर माझं काही बिघडत नाही.

जुई : असं कसं बिघडत नाही?

तात्या : बरं, बिघडतं. वाईट वाटतं, खूप वाटतं. पण तू तिथे दिवे न लावता अंगणात बसलीस आणि मी तुला इथून विचारत होतो, अगस्ती किती मुठी. त्याच्यापुढे हे काहीच नाही.

जुई : तुम्हाला कुठे माहीत होतं.

तात्या : विचारलं असतं तर कळलं असतं. मी ताऱ्यांचंच विचारत राहिलो.

मीनाक्षी : अहो, त्या डोळ्यात पाणी आणू नका. डॉक्टरांनी बजावलंय.

जुई : तात्या, येऊ मी? आत्ता?

तात्या : नको.

जुई : बरं.

तात्या : तसं नाही गं, वेडे. दोनदा गेटवरून परत गेलीस, तिसऱ्यांदाही जाशील, तुझा भरवसा नाही. आम्ही येतो. पत्ता सांग.

जुई : कोर्टाच्या मागची गल्ली. पिठाच्या गिरणीवरची बिल्डिंग, चौथा मजला. पण लिफ्ट नाही, तात्या. आईचे गुडघे...

मीनाक्षी : माझ्या गुडघ्यांची काळजी तू करू नकोस. एक महिना भोईवाड्यात राहते आणि मला गुडघे शिकवते.

जुई : अगस्तीचं काय? तुम्ही येईपर्यंत मावळायचा.

तात्या : अजून चढतोय तो. आणि नाही दिसला तरी चालेल. गच्चीवर उभी राहू नकोस अशी, मनवाच्या घरात जाऊन बस. काहीतरी खा.

जुई : तात्या, तुम्हाला राग आलाय ना अजून?

तात्या : आलाय. चालताना उतरेल तेवढा उतरेल. आता फोन ठेव. आई चप्पल घालून जिना उतरली सुद्धा, मला कुलूप लावायचंय.